ड्रॉपशिपिंगमध्ये खरंच पैसे सुटतात का?

बोरिवली_स्लो

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ बीकॉम आहे, मालाडला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. सध्या त्याच्या डोक्यात ड्रॉपशिपिंगने घर केलंय. म्हणजे वेबसाइट आपली, जाहिरात आपली, ऑर्डर आली की ती पुरवठादाराकडे सरकवायची आणि माल त्याने परस्पर गिऱ्हाइकाकडे पाठवायचा. गोदाम नको, माल भरायला भांडवल नको, माणसं नकोत. वन रूम किचनमध्ये पाच जण राहणाऱ्या घरात हे ऐकायला गोड लागतंच.

वस्तू ठरलीय: दोरी ओढून भाजी चिरायचा चॉपर. दिल्लीचा पुरवठादार १८० रुपये अधिक जीएसटीने देतो. कुरिअरचे ७०. हा विकणार ५९० ला. "दादा, नगामागे ३४० सुटतात, दिवसाला दहा गेले तरी महिन्याचे लाख झाले!" असं त्याचं गणित. नोकरी सोडायची भाषा चालू आहे. आई एकच वाक्य म्हणते, नोकरी सोडू नको, आणि त्यावर दोघांची जुंपते. मला त्याच्यापुढे आकडे ठेवायचेत. कोणी प्रत्यक्ष केलंय का?

उंटावरचा_शहाणा

आधी सांगा, कोर्स घेतलाय का?

बोरिवली_स्लो

अजून नाही. एक बघून ठेवलाय. फी पाच आकडी आहे.

उंटावरचा_शहाणा

मग आधी तो थांबवा. हे कोर्सवाले मोबाइलचा स्क्रीनशॉट दाखवतात ना, "आजची विक्री ९४ हजार", तो आलेल्या ऑर्डरींचा आकडा असतो. त्यातल्या किती घरपोच झाल्या, किती परत फिरल्या, जाहिरातीला किती गेले, यातलं काही त्या स्क्रीनवर नसतं. भावाला सांगा, त्या सरांना महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि जाहिरातीचं बिल शेजारी शेजारी ठेवून दाखवायला सांग. ग्रुपमधून काढून टाकतील.

आणि ज्याला चॉपर विकून लाख सुटतात, तो चॉपर विकायचा सोडून कोर्स कशाला विकेल, हे एकदा शांतपणे विचारा.

चिकाटी

उंशा, सगळ्यांना एका माळेत ओवू नकोस. मी हा धंदा केलाय आणि पैसे कमावलेत. पण बोरिवलीकरांच्या भावाने मांडलंय त्या गणिताने नाही. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता ट्रेनमध्ये आहे.

हिशेबनीस

सविस्तर येईपर्यंत मी गणित मांडतो. आकडे धागाकर्त्याचेच घेतो, जे दिले नाहीत ते अंदाजाने धरतो. कोणाला पटत नसतील तर आपले घालून बघा.

पहिली गोष्ट, ५९० तुमचे नाहीतच. १८ टक्क्यांनी त्यातले ९० जीएसटीचे. हातात ५००. पुढचा सगळा हिशेब जीएसटी वगळून करतो, कारण खरेदी, कुरिअर आणि जाहिरात यांवर भरलेला कर, नोंदणी असेल आणि पक्की बिलं असतील तर वजा मिळतो.

आता १०० ऑर्डरी आल्या असं धरू. सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी. अनोळखी वेबसाइटवर आधी पैसे भरायला आपली माणसं तयार नसतात, त्यामुळे सुरुवातीला बहुतेक ऑर्डरी अशाच येतात. त्यातल्या २५ परत आल्या असं धरतो. ही मी काही फार वाईट परिस्थिती धरलेली नाही.

विक्री ७५ नगांची, ३७,५०० रुपये. ७५ नगांची खरेदी १३,५००. कुरिअर मात्र शंभरांचं द्यावं लागतं, ७,०००. परत आलेल्या २५ चं परतीचं भाडं ६० रुपयांनी १,५००. रोख गोळा करण्याचा आकार नगाला ३० धरला तर २,२५०. आणि जाहिरात. एका ऑर्डरमागे १४० रुपये पडले तर १४,०००. जाहिरातही शंभरांचीच. परत गेलेल्या गिऱ्हाइकाचे पैसे फेसबुक परत देत नाही.

एकूण खर्च ३८,२५०. म्हणजे ७५० रुपये तोटा.

आता एकच आकडा बदलू. २५ ऐवजी १० परत आल्या. विक्री ४५,०००, खर्च ४०,५००, नफा ४,५००. खरेदीचा भाव तोच, विक्रीचा तोच. भाऊ पुरवठादाराशी १८० चे १७० करण्यासाठी घासाघीस करत असेल तर करू दे, पण दहा रुपयांनी ७५ नगांवर ७५० सुटतात, म्हणजे तो फक्त बरोबरीत येतो.

अजून वाईट म्हणजे परत आलेला माल. वरच्या हिशेबात मी धरलंय की पुरवठादार तो मुकाट्याने परत घेतो. तो म्हणाला, विकला तो माल विकला, तर २५ चॉपर तुमच्या घरात, ४,५०० रुपये अडकले, तोटा ५,२५० वर. आणि "माल ठेवायचा नाही" म्हणून सुरू केलेल्या धंद्याचे खोके पलंगाखाली.

चिंगी

बाप रे. वाचनखूण साठवली. माझ्या नणंदेला दाखवते.

भिवंडीकर

मी भिवंडीत कुरिअर कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहे. हिशेबनीस यांचा २५ चा आकडा वाचला. नवीन वेबसाइटवाल्यांचा यापेक्षा खराब असतो, काहींचा तर निम्म्याला येतो. परतीच्या मालाची आमच्याकडे वेगळी जाळी असते. संध्याकाळी त्या जाळीत बघितलं तर एकाच वेबसाइटची एकसारखी पिवळी पाकिटं ढिगाने दिसतात. कोण काय विकतंय आणि कोणाचं काय चाललंय, ते आम्हाला त्यांच्या आधी कळतं.

पार्सलं परत का येतात? पत्ता अर्धा. "शिवमंदिराजवळ, उल्हासनगर" एवढ्यावर डिलिव्हरी बॉय काय करणार, पाच कॅम्पांत शिवमंदिरं किती. दुसरं, रात्री अंथरुणात मोबाइल बघताना ऑर्डर टाकलेली असते, पाचव्या दिवशी पार्सल दारात येतं तेव्हा आठवतही नाही. फोन उचलत नाहीत. उचलला तर "घरी नाही, उद्या आणा". उद्या तेच. तिसऱ्या फेरीला पार्सल परत. आणि कधी कधी आमचा पोऱ्याही न जाताच "ग्राहक उपलब्ध नाही" टाकतो, खोटं कशाला बोलू. दिवसाच्या फेऱ्या संपत नाहीत त्याच्या.

उपाय एकच चालतो. ऑर्डर आली की लगेच फोन. पत्ता पिनकोडसकट वदवून घ्यायचा, घरी कोण असेल ते विचारायचं. फोनवर चाचपडणाऱ्याची ऑर्डर तिथेच रद्द करायची. जे हे करतात त्यांचा माल कमी परत येतो, हे डोळ्यांनी बघतोय. पण रोज पन्नास फोन करायचे म्हणजे ती नोकरीच झाली. भाऊ कॉल सेंटरमध्येच आहे, त्याला जमेल म्हणा.

अजून एक. वजन. चॉपर तीनशे ग्रॅमचा असेल, पण खोका मोठा असला की आम्ही खोक्याचं वजन धरतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. २५ बाय २० बाय १५ चा खोका दीड किलोचा धरला जातो. मग ७० रुपये कुठले? पुरवठादार कुठल्या खोक्यात भरतो ते भावाने डोळ्यांनी बघितलंय का?

बोरिवली_स्लो

नाही बघितलेलं. त्याने चॉपरही हातात धरून बघितलेला नाही अजून. आज विचारलं तेव्हा कळलं. 😐

उंटावरचा_शहाणा

घ्या.

परखड

हेच ते. मराठी मुलगा काही करायला निघाला की सगळे मिळून त्याचे पाय ओढणार. गुजराती घरात बाप म्हणाला असता, हे घे पन्नास हजार, बुडव, शीक.

हिशेबनीस

परखड, गुजराती बापाने पन्नास हजार देण्याआधी वरचा हिशेब तोंडी केला असता आणि परतीचा माल कोणाच्या खात्यात ते पहिलं विचारलं असतं. हा विषय इथे नको, त्यावर वेगळे धागे भरपूर आहेत.

चिकाटी

सकाळी म्हटल्याप्रमाणे.

सुरुवातीला मीही असल्याच वस्तू विकायचो. मोबाइल होल्डर, एलईडी पट्ट्या. तेव्हा अलीएक्सप्रेस या चिनी खरेदी अॅपवरून उचलून विकणारे बरेच होते. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ते अॅपच बंद केलं आणि ते दुकान उठलं. त्यानंतरचे सगळे भारतातल्या आयातदारांकडून माल घेतात. तोच माल, तेच फोटो, तोच व्हिडिओ. चॉपर एका वेळी पन्नास जण विकत असतात आणि जाहिरातीच्या जागेसाठी बोली लावून एकमेकांचा दर वाढवतात. हिशेबनीसनी धरलेले १४० तिथे १४० राहत नाहीत.

पैसे कधी सुटले? तीन गोष्टी बदलल्यावर. एक, आधी पैसे भरणाऱ्याला सूट द्यायला लागलो आणि कॅश ऑन डिलिव्हरीला थोडा आकार लावला. ऑर्डरी कमी झाल्या, पण परत येणं एकदम खाली आलं. दोन, पुरवठादार मुंबईतला धरला. मी सायनच्या बाजूला राहतो, तो मस्जिद बंदरला. महिन्यातून दोनदा जाऊन त्याच्या पोटमाळ्यावर बसून माल बघायचो. शिवण उसवलेली, चेन अडकणारी वस्तू तिथेच बाजूला काढायची. (मी तोपर्यंत प्रवासी पाऊच आणि डब्यांच्या पिशव्यांवर आलो होतो.) तीन, जुन्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर नवा माल दाखवायला लागलो. दुसऱ्या ऑर्डरीला जाहिरातीचा खर्च शून्य. खरा नफा तिथे आहे. पण चॉपर माणूस दुसऱ्यांदा कधी घेणार? वस्तू निवडतानाच हे बघायला हवं.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आता मी ड्रॉपशिपिंग करत नाही. जो माल चालतो हे कळलं, तो मी स्वतः शंभर-दोनशे नग उचलून ठेवतो. भाव कमी पडतो, पॅकिंग माझ्या हातात, दुसऱ्या दिवशी माल निघतो. परस्पर पाठवणं फक्त नवीन वस्तू चालते का ते बघायला वापरतो.

जुना_गिरगावकर

चिकाटी यांचा शेवटचा परिच्छेद वाचून झॅपोस आठवलं. अमेरिकेतली बूट विकणारी कंपनी, १९९९ ची. सुरुवातीला माणूस बुटांच्या दुकानात जाऊन फोटो काढायचा, ऑर्डर आली की दुकानातून बूट घेऊन पाठवायचा. पुढे बराच माल कंपन्यांकडून परस्पर जायचा. पण कंपनीकडे कुठला नंबर शिल्लक आहे हे यांना नक्की कधीच कळेना, गिऱ्हाइकं वैतागायची. शेवटी चालू विक्री सोडून देऊन त्यांनी परस्पर पाठवणं बंद केलं आणि सगळा माल स्वतःच्या गोदामात ठेवला. त्यानंतर मोठी झाली, २००९ मध्ये अॅमेझॉनने घेतली.

आणि ही पद्धत आपल्याकडे नवी कुठे आहे? धान्याचा बाजार वाशीला जायच्या आधी दाणाबंदरात दलाल हेच करायचे. पोतं यांच्या दुकानात कधी उतरायचंच नाही, वखारीतून थेट किराणावाल्याकडे. पण त्यांची पेढी तिथे दोन पिढ्या उघडी असायची. गहू खराब निघाला तर किराणावाला दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीच्या पायरीवर हजर. वेबसाइटला पायरी नसते, म्हणून लोक पैसे आधी देत नाहीत.

मालाडची_माई

मी तांत्रिक काही जाणत नाही, पण तुम्ही ज्याला ड्रॉपशिपिंग म्हणताय ते मी करतेच की. इमिटेशनच्या नथी, ठुश्या, तन्मणी. मालाडमध्येच एक कारागीर कुटुंब आहे, ते बनवतात, मी व्हॉट्सअॅपवर फोटो टाकते, ऑर्डर आली की त्यांना पत्ता पाठवते, माल त्यांच्याकडूनच जातो. मोठ्या ऑर्डरी तेवढ्या मी स्वतः बघून पाठवते.

सुटतात पैसे. लाख नाही, पण मुलीच्या क्लासची फी यातून जाते. गणपती, नवरात्र आणि लग्नसराई, एवढाच हंगाम. पावसाळ्यात श्रावण लागेपर्यंत शांत.

परत येत नाही म्हटलं तरी चालेल, कारण मी आधी गूगल पेवर पैसे घेते. लोक देतात, कारण कोणाच्या तरी वहिनीने माझ्याकडून घेतलेली असते. पण तक्रारी येतात. दाबाची नथ आणि टोचलेल्या नाकाची नथ यात गोंधळ होतो, म्हणून आता मी ऑर्डर घेतानाच "नाक टोचलंय का" विचारते. मोती सुटून येतो. कारागिराची सून घाईत असली की तार नीट वळत नाही, एक मोती पाकिटात निसटतो. मग शिव्या मला, तिला नाही. गिऱ्हाइकाला तिचं नावही माहीत नाही. मी दुसरी पाठवते, कुरिअर माझं. आमच्यात ठरलंय, तार सुटली तर नग तिचा, बॉक्स चेपला तर माझा. हे आधी बोलून ठेवलं म्हणून आजवर भांडण नाही.

चिंगी

माई, तन्मण्याचे फोटो माझ्या विचारपुशीत टाकाल का? 🙂

कोष्टक

माई आणि बोरिवली_स्लो दोघांसाठी, कराचं थोडं. मी सीए आहे, पण इथलं वाचून निर्णय घेऊ नका, आपल्या सीएला विचारा.

वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं: माल राज्याबाहेर विकला की ही सवलत गेली, पहिल्या रुपयापासून नोंदणी. (हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना वेगळी सूट आहे, तो विषय वेगळा.) माई महाराष्ट्रातच विकत असतील तर प्रश्न नाही. भाऊ फेसबुकवर जाहिरात लावणार, ऑर्डर पाटण्याहून येणार. त्याला नोंदणी हवीच. मोठ्या पोर्टलवरून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीविना परवानगी आहे, पण तीही फक्त राज्यातल्या राज्यात.

भाड्याच्या घरातून करणार असाल तर घरमालकाचं संमतिपत्र आणि वीजबिल लागेल. मालक कुरकुरतात, आधी विचारून ठेवा.

बिलं दोन हवीत. पुरवठादाराने बिल तुमच्या नावावर करायचं आणि माल गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवायचा. गिऱ्हाइकाला बिल तुम्ही द्यायचं. पुरवठादाराचंच बिल खोक्यात गेलं तर गिऱ्हाइकाला १८० चा भाव दिसतो, फोन येतो, त्यात पुन्हा कराचा घोळ. अॅमेझॉनवर विकत असाल तर दुसऱ्याच्या नावाचं बिल किंवा पॅकिंग त्यांच्या नियमातच बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. आणि कच्च्या बिलावर माल घेतला तर कराची वजावट विसरा. हिशेबनीसांचं सगळं गणित पक्क्या बिलांवर उभं आहे.

कराशिवाय दोन गोष्टी. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश छापलेला असला पाहिजे, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वेबसाइटवरही मूळ देश आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याभरात. "माल माझा नव्हता, त्याने पाठवला" हे ग्राहक आयोगात चालत नाही. दुसरं, "ऑफर १० मिनिटांत संपते" असं उलटं घड्याळ लावतात ना, आणि पान पुन्हा उघडलं की परत १० मिनिटं? केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही खोटी घाई नाव घेऊन बंद केलीय. कोर्समध्ये हमखास शिकवतात.

खेळण्यांच्या वाटेला जाऊ नका. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकता येत नाहीत.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. भावाला कोणी "अमेरिकेत विक, डॉलरमध्ये कमाव" सांगितलं तर जपून. आमच्याकडे ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल आयातशुल्काशिवाय यायचं, त्यावर तर हा धंदा उभा होता. चीनच्या मालाची ती सवलत २ मे २०२५ ला गेली, बाकी सगळ्या देशांची २९ ऑगस्ट २०२५ ला. त्याआधीचे जुने व्हिडिओ, जुनी गणितं सगळी बाद.

हिशेबनीस

एक राहिलं होतं. पैशाचं चक्र. जाहिरातीचे पैसे कार्डावरून रोजच्या रोज जातात. पुरवठादार अनोळखी माणसाला उधार देत नाही, माल निघायच्या आधी पैसे. कुरिअरवाला गोळा केलेली रोकड मात्र डिलिव्हरीनंतर आठवड्याने वगैरे देतो, आणि डिलिव्हरीलाच पाच-सहा दिवस गेलेले असतात. म्हणजे दिवसाला दहा ऑर्डरी चालल्या तर दोन आठवड्यांचे पैसे सतत बाहेर. १८०, ७० आणि १४० मिळून नगाला ३९०, दिवसाचे ३,९००, चौदा दिवसांचे ५४,६००. वर जीएसटी. "भांडवल लागत नाही" हे वाक्य इथे संपतं. धंदा जितका वाढेल तितके जास्त अडकतील. चाललेला धंदा याच ठिकाणी क्रेडिट कार्डाच्या व्याजात बुडताना पाहिलाय.

बोरिवली_स्लो

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीस यांचं १०० ऑर्डरींचं गणित त्याला कागदावर करायला लावलं. त्याने परतीचा आकडा आधी ५ धरला. मग भिवंडीकरांची पोस्ट वाचायला दिली. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, चॉपर नको, पण धंदा करायचाच. नोकरी सध्या सोडत नाही एवढं कबूल केलंय. कोर्सही बारगळला, आई खूश.

आता त्याचा प्रश्न असा: मुंबईतला पुरवठादार धरायचा तर कुठे फिरायचं, आणि त्याच्याशी काय बोलून घ्यायचं?

चिकाटी

मस्जिद बंदर स्टेशनपासून अब्दुल रहमान स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत जा. शनिवारी नको, गर्दीत कोणी बोलत नाही. मंगळ-बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकानं नुकती उघडलेली असतात. पहिल्या दिवशी "तुम्ही माझ्या गिऱ्हाइकाला माल पाठवाल का" विचारू नकोस, उडवून लावतील. पाच-सहा नग रोख घे, पक्कं बिल माग. बिल म्हटल्यावर कोणाचा चेहरा बदलतो ते बघ, तो गाळायचा. घरी आणून वस्तू वापर, पाड, धू. मग दुसऱ्यांदा जा.

बोलून घ्यायचं ते माईंनी लिहिलंयच: खराब नग कोणाचा, परतीचा माल घेणार का, किती दिवसांत निघणार, बिल कोणाच्या नावाने. व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यायचं, तोंडी नको. आणि एखादा माल संपला तर ते तुला कधी कळणार, हे नक्की विचार. ते रविवारी दुकान बंद ठेवतात आणि तुझ्या ऑर्डरी सगळ्यात जास्त रविवारीच येणार.

भिवंडीकर

आणि खोका मोजायला टेप घेऊन जा म्हणावं.